धूम्रपानविषयक प्रयोगशाळीय संशोधनात निकोटीनच्या वास्तव मात्रेची निवड : एक विवेचन

सारांश

धूम्रपानाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी प्रयोगशाळेत प्राण्यांना अथवा पेशींना निकोटीन दिले जाते. तथापि दिलेली मात्रा धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील पातळीशी जुळत नसेल, तर त्या प्रयोगाचा निष्कर्ष धूम्रपानाला लागू करता येत नाही. प्रस्तुत लेखात मानवी रक्तातील निकोटीनची पातळी, प्रजातींमधील चयापचयाचा भेद, क्षार व मूळ निकोटीन यांतील वजनाचा फरक, निकोटीन देण्याच्या पद्धती आणि पेशीसंवर्धनातील संहती या मुद्द्यांच्या आधारे वास्तव मात्रा कशी ठरवावी याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : निकोटीन, मात्रा, रक्तातील पातळी, अर्धायुकाल, कोटिनीन, प्राणिप्रयोग.

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पदवी वर्गाच्या प्रकल्पासाठी दोन विद्यार्थिनींनी एक साधा प्रयोग केला होता. १ ग्रॅम तंबाखू १०० मिलिलिटर पाण्यात भिजवून तो अर्क त्यांनी डॅफ्निया या सूक्ष्म जलचरावर टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या हृदयाचे ठोके मोजले. ठोके बदलले. अहवालाच्या शेवटी त्यांनी लिहिले होते, 'यावरून धूम्रपानाचा हृदयावर होणारा परिणाम सिद्ध होतो.' प्रयोग नीटनेटका होता, निरीक्षणे प्रामाणिक होती. परंतु शेवटचे वाक्य मात्र टिकणारे नव्हते.

कारण साधे आहे. तंबाखूत वजनाच्या दीड टक्का निकोटीन धरले आणि ते सर्व पाण्यात उतरले असे मानले, तर त्या अर्कात दर मिलिलिटरमागे १५० मायक्रोग्रॅम, म्हणजेच १,५०,००० नॅनोग्रॅम निकोटीन होते. सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या रक्तद्रवात हे प्रमाण काही दशक नॅनोग्रॅम एवढेच असते. बाहेरच्या पाण्यातील प्रमाण आणि शरीरातील रक्तातील प्रमाण यांची थेट तुलना करता येत नाही हे खरे. पण हजारो पटींचा हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. विद्यार्थिनींनी तंबाखूच्या विषारीपणाचा प्रयोग केला होता, धूम्रपानाचा नव्हे.

ही चूक केवळ विद्यार्थ्यांची नाही. प्रस्तुत लेखकाने आपल्या एम. फिल. लघुप्रबंधात पूर्वसंशोधनाचा आढावा घेताना निरनिराळ्या शोधनिबंधांतील मात्रा एकाच स्तंभात मांडल्या होत्या. त्यांतील काही आकडे निकोटीनच्या क्षाराचे होते, तर काही मूळ निकोटीनचे. हा भेद ध्यानात यावयास बराच काळ लागला. त्या अनुभवातूनच प्रस्तुत विषयाची निकड जाणवली.

लेखाची उद्दिष्टे

१. धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात प्रत्यक्षात किती निकोटीन पोहोचते हे स्पष्ट करणे.
२. ती मात्रा प्राण्यांवरील व पेशींवरील प्रयोगांत रूपांतरित करताना येणाऱ्या अडचणी मांडणे.
३. संशोधकाने व वाचकाने मात्रेसंबंधी कोणत्या बाबी तपासाव्यात हे सुचविणे.

धूम्रपान करणारा किती निकोटीन घेतो?

एका सिगारेटमधील तंबाखूत साधारणपणे १० ते १४ मिलिग्रॅम निकोटीन असते. त्यातील बराचसा भाग जळून जातो, हवेत जातो किंवा थोटकात राहतो. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात सरासरी १ ते १.५ मिलिग्रॅम एवढेच निकोटीन शोषले जाते. एका सिगारेटचे दहा झुरके धरले, तर एका झुरक्यातून सुमारे ०.१ मिलिग्रॅम निकोटीन मिळते.

शरीरात शिरलेल्या निकोटीनची खरी मोजणी मात्र रक्तातच होते. नियमित धूम्रपान करणाऱ्यांच्या नीलेतील रक्तद्रवात दुपारनंतर निकोटीनची पातळी सामान्यतः दर मिलिलिटरमागे १० ते ५० नॅनोग्रॅम असते. फुप्फुसातून थेट आलेल्या रोहिणीतील रक्तात ती काही क्षण याहून बरीच अधिक असते आणि झुरका घेतल्यापासून १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचते. मानवात निकोटीनचा अर्धायुकाल सुमारे २ तासांचा आहे. त्यामुळे दिवसभरातील सिगारेटींमुळे पातळी सहा ते आठ तास चढत जाते, रात्री उतरते, परंतु सकाळपर्यंत पूर्णपणे शून्य होत नाही.

निकोटीनचा ७० ते ८० टक्के भाग यकृतात कोटिनीन या पदार्थात रूपांतरित होतो. कोटिनीनचा अर्धायुकाल सुमारे १६ तासांचा असल्याने ते शरीरात दीर्घकाळ टिकते. रोज धूम्रपान करणाऱ्यांत त्याची पातळी दर मिलिलिटरमागे साधारणपणे २५० ते ३०० नॅनोग्रॅम आढळते. म्हणूनच व्यक्तीने किती तंबाखू सेवन केले याचा अंदाज घेण्यासाठी कोटिनीनची मोजणी अधिक सोयीची ठरते.

येथे यंत्राने काढलेल्या आकड्यांविषयी सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकेतील प्रमाणित पद्धतीत यंत्र दर मिनिटाला एकदा, २ सेकंदांचा व ३५ मिलिलिटरचा झुरका घेत असे. माणूस असा ओढत नाही. 'लाइट' सिगारेट हाती आली की तो खोल झुरके घेतो, अधिक वेळा ओढतो, फिल्टरवरील सूक्ष्म छिद्रे नकळत बोटांनी वा ओठांनी झाकतो आणि आपल्या सवयीची पातळी गाठतो. या मोजणीवर आधारलेल्या दाव्यांना मुभा देणारे १९६६ मधील मार्गदर्शन तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये मागे घेतले. तात्पर्य, यंत्राने मोजलेला आकडा ही माणसाची मात्रा मानता येत नाही.

प्रजातींमधील भेद

संशोधनात प्रामुख्याने रॅट हा मोठा पांढरा उंदीर आणि माऊस हा लहान उंदीर वापरला जातो. दोहोंचे यकृत निकोटीनचा निचरा मानवापेक्षा कितीतरी वेगाने करते. अर्धायुकाल मानवात सुमारे २ तास, रॅटमध्ये सुमारे ४५ मिनिटे, तर माऊसमध्ये अवघी ६ ते ७ मिनिटे आहे.

या आकड्यांचा अर्थ हिशेबाने स्पष्ट होतो. तिघांच्याही रक्तात एकाच क्षणी सारखी पातळी निर्माण केली असे मानू. एका तासानंतर मानवात त्यातील सुमारे ७१ टक्के, रॅटमध्ये सुमारे ४० टक्के निकोटीन शिल्लक राहील. माऊसमध्ये मात्र साडेआठ अर्धायुकाल उलटून गेलेले असतील आणि सुमारे एक-चतुर्थांश टक्काच उरेल. माऊसला सकाळ-संध्याकाळ एकेक इंजेक्शन देऊन 'दीर्घकालीन धूम्रपानाचे प्रारूप' तयार केल्याचे म्हटले, तर प्रत्यक्षात तो प्राणी दिवसातील बावीस तासांहून अधिक काळ जवळजवळ निकोटीनविरहित असतो. अशा प्रयोगात व्यसनाचा परिणाम मोजला जातो की वारंवार निकोटीन तुटण्याचा, हे सांगणे कठीण होते.

म्हणूनच शरीराच्या वजनानुसार केलेले सरळ रूपांतर फसवे ठरते. ७० किलोग्रॅम वजनाचा माणूस रोज २० सिगारेटींतून २० मिलिग्रॅम निकोटीन शोषत असेल, तर त्याची मात्रा दर किलोग्रॅममागे रोज ०.२९ मिलिग्रॅम होते. रॅटला सतत थेंबाथेंबाने निकोटीन देणाऱ्या अनेक प्रयोगांत दर किलोग्रॅममागे रोज ३.१६ मिलिग्रॅम ही मात्रा दिसते. आकडा मानवाच्या अकरा पट आहे, म्हणून तो अवाजवी वाटतो. परंतु या मात्रेने रॅटच्या रक्तद्रवात दर मिलिलिटरमागे ४० नॅनोग्रॅमच्या आसपास पातळी राहते. म्हणजेच ती भरपूर धूम्रपान करणाऱ्या माणसाएवढीच असते. मोठा दिसणारा आकडा येथे वास्तव ठरतो. उलट, लहान दिसणारा आकडा अवास्तव असू शकतो. त्याचे उदाहरण पुढे येईलच.

शरीराच्या पृष्ठफळावर आधारित रूपांतराचे गुणक उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २००५ च्या मार्गदर्शिकेनुसार मानवी मात्रेला रॅटसाठी सुमारे ६ ने, तर माऊससाठी सुमारे १२ ने गुणावे लागते. प्राथमिक अंदाजासाठी ते उपयुक्त आहेत. निकोटीनच्या बाबतीत मात्र अंतिम कसोटी रक्तातील प्रत्यक्ष मोजणी हीच मानली पाहिजे.

क्षार आणि मूळ निकोटीन

मूळ निकोटीन हा तेलकट, हवेत व प्रकाशात खराब होणारा द्रव आहे. त्यामुळे प्रयोगशाळेत बहुधा त्याचा टार्टरेट क्षार वापरतात. मूळ निकोटीनचा रेणुभार १६२, तर निर्जल टार्टरेट क्षाराचा रेणुभार ४६२ आहे. म्हणजे १ मिलिग्रॅम क्षारात मूळ निकोटीन केवळ ०.३५ मिलिग्रॅम असते. क्षारात स्फटिकजल असल्यास ते आणखी कमी भरते.

वर उल्लेखिलेला ३.१६ हा विचित्र वाटणारा आकडा याच हिशेबातून येतो. ९ मिलिग्रॅम टार्टरेट क्षारात ३.१६ मिलिग्रॅम मूळ निकोटीन असते. एखाद्या संशोधकाने पूर्वसूरींचा ९ हा आकडा मूळ निकोटीनचा समजून वापरला, तर त्याच्या प्राण्याला जवळजवळ तिप्पट मात्रा मिळेल. उलट ३.१६ मिलिग्रॅम क्षार वजन करून घेतला, तर एक-तृतीयांशच मिळेल. दोघेही आपापल्या निबंधात 'पूर्वीच्या संशोधनानुसार' असेच लिहितील आणि दोघांचे निष्कर्ष परस्परांशी जुळणार नाहीत. २००७ मध्ये 'सायकोफार्माकॉलॉजी' या नियतकालिकात शॅनन मॅटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी निकोटीनच्या मात्रेच्या निवडीसंबंधी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मात्रा नेहमी मूळ निकोटीनच्या स्वरूपात नोंदवावी, हा त्यांतील महत्त्वाचा आग्रह आहे.

द्रावणाचा सामूही येथे विचारात घ्यावा लागतो. मूळ निकोटीनचे द्रावण अल्कधर्मी, तर टार्टरेट क्षाराचे द्रावण आम्लधर्मी असते. ते उदासीन न करता टोचल्यास त्या जागी दाह होतो. मग प्राण्याच्या वर्तनातील बदल निकोटीनमुळे झाला की वेदनेमुळे, असा प्रश्न उरतो.

निकोटीन देण्याची पद्धत

मात्रा म्हणजे केवळ 'किती' नव्हे. 'किती वेगाने' आणि 'किती वेळा' हेही तिचेच घटक आहेत. प्रचलित पद्धतींचे गुणदोष पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) त्वचेखाली इंजेक्शन : पद्धत सोपी आहे. परंतु एकाच वेळी मोठी मात्रा दिल्याने पातळी एकदम चढते व लवकर उतरते. दिवसातून वीस वेळा घेतलेल्या लहान मात्रांशी तिचे साम्य अल्प असते.

(आ) त्वचेखाली बसविलेला ऑस्मॉटिक पंप : पातळी स्थिर राहते, हा मोठा लाभ आहे. परंतु झुरक्यागणिक येणारा उंचवटा आणि रात्रीचा उतार या दोन्ही गोष्टी त्यात नसतात. ही स्थिती सिगारेटपेक्षा निकोटीनच्या पट्टीशी अधिक जुळते.

(इ) पिण्याच्या पाण्यातून : प्राण्यांना पकडावे व टोचावे लागत नाही, हा लाभ आहे. मात्र निकोटीन कडू असल्याने प्राणी पाणीच कमी पितात आणि आतड्यातून शोषलेल्या निकोटीनचा मोठा भाग यकृतात आधीच नष्ट होतो.

(ई) नीलेतून स्वतः घेण्याची पद्धत : प्राणी कळ दाबतो व नळीवाटे निकोटीन मिळवतो. व्यसनाच्या अभ्यासात ही पद्धत मोलाची आहे. तीत दर किलोग्रॅममागे ०.०३ मिलिग्रॅम ही मात्रा १९८९ पासून रूढ आहे. आकडा अगदी लहान वाटतो. परंतु ७० किलोग्रॅमच्या माणसासाठी तो २.१ मिलिग्रॅम होतो. म्हणजे सुमारे वीस झुरके किंवा दोन सिगारेटी एका दमात. येथे क्षणिक उंचवटा महत्त्वाचा असल्याने वजनावरील तुलना स्थूलमानाने योग्य ठरते. लहान दिसणारा आकडा अवास्तव कसा असू शकतो, याचे हे उदाहरण होय.

(उ) धूर किंवा वाफ हुंगविणे : मार्ग सिगारेटच्याच जवळचा आहे. परंतु प्राणी नाकाने श्वास घेतो, धूर टाळण्यासाठी श्वास मंदावतो आणि अंगावर बसलेले निकोटीन चाटतो. त्यामुळे पेटीतील हवेतील प्रमाण मोजून भागत नाही.

अधिक मात्रा म्हणजे अधिक धूम्रपान, ही समजूतदेखील तपासून घ्यावी लागते. आर्थर ब्रॉडी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या प्रतिमांकन अभ्यासात केवळ एक-दोन झुरक्यांनी मेंदूतील प्रमुख निकोटीन-ग्राहींपैकी सुमारे निम्मे, तर एका पूर्ण सिगारेटने ८८ टक्क्यांहून अधिक ग्राही व्यापले गेल्याचे आढळले. ग्राही जवळजवळ भरलेले असताना मात्रा दसपट केल्यास नेहमीचाच परिणाम दसपट होत नाही. अन्य ठिकाणी वेगळेच परिणाम सुरू होतात व त्यांना विषबाधा म्हणणे अधिक उचित ठरते.

पेशीसंवर्धनातील संहती

पेशींवरील प्रयोगात यकृत नसते, वजन नसते, मार्ग नसतो. त्यामुळे तुलना सर्वांत सोपी असावयास हवी. दर मिलिलिटरमागे १६२ नॅनोग्रॅम निकोटीन म्हणजे १ मायक्रोमोलर. त्यानुसार २० ते ६० नॅनोग्रॅम ही पातळी ०.१२ ते ०.३७ मायक्रोमोलर एवढी होते. प्रत्यक्षात मात्र अनेक शोधनिबंधांत १०, १०० किंवा १००० मायक्रोमोलर संहती वापरलेली दिसते. दर मिलिलिटरमागे ४० नॅनोग्रॅम ही पातळी आधारभूत मानल्यास १० मायक्रोमोलर म्हणजे सुमारे ४० पट आणि १००० मायक्रोमोलर म्हणजे सुमारे ४००० पट. अशा संहतीत पेशी मेल्या, तर त्यावरून धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तवाहिनीतील पेशी मरतात असे म्हणता येत नाही.

तथापि उच्च संहती नेहमीच अवास्तव असते असेही नाही. येथे महाराष्ट्राचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या २६.६ टक्के व्यक्ती तंबाखू सेवन करीत होत्या. त्यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. चुना लावून मळलेली तंबाखू गालात धरणाऱ्याच्या तोंडातील लाळेत निकोटीनचे प्रमाण त्याच्या रक्तातील प्रमाणापेक्षा शेकडो ते हजारो पट असू शकते. चुन्यामुळे ते अंतस्त्वचेतून अधिक सहज शोषलेही जाते. तेव्हा १००० मायक्रोमोलर ही संहती रक्तवाहिनीच्या पेशींसाठी अवास्तव असली, तरी तंबाखू धरणाऱ्याच्या गालातील पेशींसाठी ती विचारार्ह ठरते. मात्र तो प्रयोग तंबाखू चघळण्याचा असेल, धूम्रपानाचा नव्हे. प्रश्न कोणता हे आधी ठरले, तरच मात्रा ठरू शकते.

निकोटीन म्हणजे धूर नव्हे

मात्रा अचूक असली तरी आणखी एक मर्यादा उरते. तंबाखूच्या धुरात ७००० हून अधिक रसायने असतात. कर्करोगाला कारणीभूत होणारे नायट्रोसामाइन व बहुचक्रीय हायड्रोकार्बन, रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटविणारा कार्बन मोनॉक्साइड हे सर्व धुरात असतात. इंजेक्शनच्या निकोटीनमध्ये नसतात. त्यामुळे शुद्ध निकोटीनचा प्रयोग निकोटीनविषयीच बोलू शकतो. त्यात दुष्परिणाम दिसला नाही म्हणून सिगारेट निर्दोष ठरत नाही आणि दुष्परिणाम दिसला म्हणून सिगारेटच्या सर्व हानीचे मूळ निकोटीनमध्ये सापडले असेही नव्हे.

उसना आकडा : एक बोधप्रद उदाहरण

मात्रेचा आकडा न तपासता पुढे नेल्यास काय होते, याचे उदाहरण निकोटीनच्या प्राणघातक मात्रेत सापडते. प्रौढ माणसाला ३० ते ६० मिलिग्रॅम निकोटीन प्राणघातक ठरते, असे पाठ्यपुस्तकांत अनेक दशके छापले जात होते. ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठाचे बर्न्ड मायर यांनी २०१४ मध्ये या आकड्याचा माग काढला. तो रुडॉल्फ कोबर्ट यांच्या १९०६ च्या विषविज्ञानाच्या पुस्तकापर्यंत आणि तेथून एकोणिसाव्या शतकातील काही संशयास्पद स्वप्रयोगांपर्यंत जाऊन पोहोचला. उपलब्ध विषबाधांच्या नोंदींवरून प्राणघातक मात्रेची खालची मर्यादा अर्धा ते एक ग्रॅम असावी, असा मायर यांचा निष्कर्ष आहे. निकोटीन हे विषच आहे. विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत कोणतीही ढिलाई चालणार नाही. परंतु शंभर वर्षे एकाने दुसऱ्याकडून उसना घेतलेला आकडा दहा ते वीस पटींनी चुकीचा असू शकतो, हा यातील धडा आहे.

संशोधकाने तपासावयाच्या बाबी

१. प्रयोग कोणत्या परिस्थितीचा आहे? धूम्रपान, तंबाखू चघळणे, निकोटीनची पट्टी की विषबाधा?
२. मात्रा मूळ निकोटीनची आहे की क्षाराची? क्षार कोणता?
३. प्रजातीचा अर्धायुकाल आणि मात्रांमधील अंतर यांचा मेळ बसतो काय?
४. रक्तातील निकोटीन वा कोटिनीन प्रत्यक्ष मोजले आहे काय? कोटिनीनचा अर्धायुकालही प्रजातीनुसार बदलतो हे ध्यानात घेतले आहे काय?
५. द्रावणाचा सामू नोंदविला आहे काय?
६. एकच मात्रा न घेता कमी, मध्यम व अधिक अशा मात्रा घेतल्या आहेत काय, आणि त्यांतील किमान एक मानवी पातळीजवळची आहे काय?
७. निष्कर्षातील शब्द प्रयोगाच्या मर्यादेत आहेत काय? 'निकोटीन' जेथे वापरले तेथे 'धूम्रपान' लिहिले नाही ना?

ज्या महाविद्यालयात रक्तातील निकोटीन मोजण्याची सोय नाही, तेथेही यांतील बहुतेक बाबी केवळ कागद-पेन्सिलीने तपासता येतात.

समारोप

मात्रेची निवड ही केवळ तांत्रिक बाब नाही. भारतात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार प्राणिप्रयोगांवर नियंत्रण आहे आणि संस्थेच्या प्राणिनीती समितीची संमती आवश्यक असते. ज्या प्रयोगाची मात्राच चुकली, त्यातील प्राणी कोणत्याही ज्ञानाविना खर्ची पडतात. संमतीपत्रात मात्रेचे समर्थन लिहिताना 'पूर्वीच्या संशोधनानुसार' एवढे शब्द पुरेसे मानू नयेत.

दुसरा परिणाम समाजावर होतो. निकोटीनची पट्टी व च्युइंगम यांचा जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत समावेश केला. त्यांच्या वापराने रक्तातील निकोटीन सामान्यतः धूम्रपानातील पातळीच्या खालीच राहते. चारशे वा चार हजार पट संहतीतील पेशी मेल्याचे वृत्त 'निकोटीन घातक' अशा मथळ्याने छापून आले आणि ते वाचून सिगारेट सोडू पाहणाऱ्या एखाद्याने च्युइंगम टाकून पुन्हा सिगारेट पेटवली, तर त्या चुकीची किंमत प्रयोगशाळेबाहेरचा माणूस मोजतो.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनींनी चर्चेनंतर आपल्या अहवालातील अखेरचे वाक्य बदलले. 'तंबाखूच्या तीव्र अर्काने डॅफ्नियाच्या हृदयगतीत बदल होतो,' असे त्यांनी लिहिले. विधान लहान झाले, परंतु ते खरे होते. संशोधनाच्या प्रत्येक पातळीवर हाच नियम लागू आहे. आपण जेवढे दिले, त्याविषयीच आपल्याला बोलता येते.